जागलीवर

गेडाम मॅडमनं शाळेचा टॅब दोन रातींसाठी घरी देल्ला.
सातवीचा अभ्यास हाय म्हने.
अभ्यास काय, तर जनावर व्हायचं.

यथार्थ रोही झाला.
वाघ वर्गात आधीच वाटून झाले होते,
बिबट सरपंचाच्या पोरीनं घेतला.
रोही उरला होता.

मचानावर, माह्या मांडीले मांडी लावून
तो चरून रायला.
पडद्यावर तीन पट्ट्या: भूक, तहान, भेव.
"खाते काय रे तुहं जनावर?"
"बाबा, समोर हरबरा हाय. घाट्यावर आलेला.
खाल्ला की पट्टी हिरवी होते."

मी खाली पाह्यलं.
आपलाही घाट्यावरच होता.

"मंग खाय," म्हनलं. काय म्हनू?

त्यानं खाल्ला. भूक उतरली
आन भेव सरसर चढाले लागलं,
कारन त्याही वावरात एक मचान होतं
आन मचानावर कोनी तरी
तोंडाशी हात धरून वरडत होता.
आवाज लय बारीक.
"असं नसते वरडत," मी म्हनलं,
"यानं घरची कोंबडी नाई उठत."
आन दाखोलं:
हूऽऽर्र, हाट्, हाट्!
पोट्टं दचकलं. टॅब खाली पडता पडता वाचला.
खेळातला रोही मातर उभाच, कान हालवत.
त्याले माहं भेव नव्हतं.

मंग एक पाटी आली, त्यानं वाचून दाखोली:
नीलगाय ही गाय नाही.
म्हनलं, आपन कधी म्हनलं तिले गाय?
रोही एकाच जागी लेंड्या टाकते, रोज, नेमानं.
हे हाय काय त्याच्यात?
"नाई."
"टाकाले पायजे होतं."

दीडच्या सुमाराले चार्जिंग संपली.
रोही डांबरी सडकेच्या मधात होता.
"बाबा, ट्रक आला तं?"
"निज."
"पन बाबा, तो तिथंच..."
"निज म्हनलं ना."

थंडी वाजत होती. घोंगडं त्याले देल्लं.
नाल्याच्या अंगानं सुकी काडी मोडली.
बॅटरी मारली तं डोळेच डोळे,
चार जोड्या, आन खाली दोन बुटक्या.
डोक्यावर पट्टी कोनाच्याच नव्हती.
कोन किती भुकेलं, कसं समजावं मानसाले?

वरडलो. होतं नोतं तेवढं वरडलो.

ते पळाले, धुऱ्यावरून, काटेरी तार ठनठनत.
आन घोंगड्यात पोट्ट्याचे पाय,
निजेतच, डोळे मिटलेले,
पळत होते.

मी त्याच्या पायावर हात ठेवला.
थांबाले लय वेळ लागला.

सकाळी मोजले तं सात तासं खुडलेले.
घरी आल्या आल्या त्यानं टॅब लावला चार्जिंगले.
सडकेच्या मधात उभाच होता तो अजून.
त्याले पल्याड नेऊन सोडला,
मंगच यथार्थनं दात घासले.