दीड लिटर

पडद्यावर काळं दिसतं ते पाणी,
डॉक्टर छाजेड म्हणाल्या,
आणि त्या काळ्यात हलणारी ही करडी चिंधी, ते फुप्फुस.
मी मान डोलावली.
बाबांच्या बरगड्यांवर थंड जेल,
त्यावरून यंत्राचं बोट फिरत होतं.

सही कुठे करायची, विचारलं.
काढलं तर हवेला जागा होईल,
व्हेंटिलेटर लवकर सुटेलच असं नाही.
खोटं बोलल्या नाहीत त्या.
बाहेर आई डब्याचं झाकण
उघडत होती, लावत होती.

एकतीस वर्षं हा माणूस
परदेशीपुऱ्यात नर्मदेचं पाणी सोडत होता.
पहाटे साडेचारला सायकलीला आडवी बांधलेली लोखंडी चावी,
तेव्हा माझ्या उंचीची,
आणि रस्त्यातल्या खड्ड्यात वाकून
एक आटा, थांब. दोन आटे, थांब.
एकदम सोडलं की जोड फुटतात, म्हणायचे,
लाइनीला आधी श्वास घेऊ द्यायचा.
पाण्याआधी नळांतून हवा यायची
शिट्टी वाजवत,
आणि गल्लीभर बादल्या जाग्या व्हायच्या.

बरगडीच्या वरच्या कडेवरून सुई गेली.
खालच्या कडेनं शिरा असतात, म्हणे.
मग नळी, मग बाटली,
आणि तिच्यात उतरलं
कडबा भिजत ठेवल्यासारखं पिवळं,
वर थोडा फेस.
दोनशे. पाचशे.
मी बाटलीवरच्या रेघा वाचत होते
जशा बायका बादल्या मोजायच्या
आणि बाबांना ऐकवायच्या:
बारगळ, आज आमच्याकडे धार बारीक!

दीड लिटरला सिस्टर लिसम्मांनी चिमटा लावला.
अजून आहे ना आत?
आहे. पण एकदम नाही काढायचं.
दबलेलं फुप्फुस झटक्यात फुललं
तर तेच पाण्यानं भरतं.
उद्या बघू.

मला हसू आलं, आयसीयूत,
मास्कमध्येच कुठेतरी अडकलं ते.
वाकून बाबांच्या कानात म्हटलं,
तुमच्याच हिशेबानं चाललंय इथे.
पापणी हलली नाही.
ऑक्सिजनचा आकडा एकोणनव्वदचा त्र्याण्णव झाला,
मग एक्क्याण्णव,
आणि तिथेच बसून राहिला.

बाहेर आईनं विचारलं, किती निघालं?
दीड लिटर.
ती जरा थांबली.
तांब्याभर, म्हणाली,
तांब्याभर पाण्यानं आडवा केला यांना.
मग डबा माझ्याकडे सरकवला:
खाऊन घे.
उद्या आपल्याकडे पाण्याचा दिवस,
पहाटे घरी कुणीतरी पाहिजे.