अकरा सेकंद

डुलुथमध्ये बाहेर बर्फ, आत घाम.
एका गुणाने मागे.
कोच वर्ना ल्युबिक टाइम-आउट घेते.

पहिली लीग बुडाली तेव्हा
थकलेल्या पगारापोटी चेंडूंची गोणी मिळाली होती.
दुसरी बुडाली तेव्हा तीही नाही.
मग चार वर्षं शाळेची पिवळी बस,
आरशातून पोरींचे हात निरखत:
कुणाची बोटं लांब,
कोण खिडकीशी गप्प.

त्या खिडकीतलीच एक आता समोर,
धापा टाकत फळ्याकडे बघतेय.
बाण कुठे, फुली कुठे?

वर्ना मार्करचं टोपणच काढत नाही.
गुडघा कुरकुरतो, तरी वाकते,
पोरीची सुटलेली लेस
दुहेरी गाठीत आवळते.
"जा."

शिट्टी.
वर्नाचे बूट रेषेच्या अलीकडे,
चवडे, नेहमीसारखे,
जरासे पलीकडे.