वीस टक्के

खानापुरात समुद्र नाही.
चोर्ल्याच्या घाटातून मासळीचा टेम्पो येतो,
बर्फ गाळत गाळत
स्टेशन रोडवर एक खारी रेघ ओढून जातो.
दुपारपर्यंत मांजरं ती वाचत बसतात.

झेरॉक्सचं शटर अर्धं ओढून
मी सोळाशे बारा सालात जातो.
माझं राज्य डोंगरातलं. भात, कौलांची माती, सागवान.
एक बंदर जिंकलं, तेही कसंबसं,
आणि अकरा गलबतं बांधली.

हेडफोनमध्ये हलशीहून इराण्णा हसतो.
त्यानं दर्यावर्दी राष्ट्र घेतलंय:
जहाजी लढाईत वीस टक्के जादा,
तोफांना दहा, वारा पडला तरी पाच,
आणि हे सगळं पहिल्या दिवसापासून, काही न करता,
जसं काहींना आडनावाबरोबरच घर मिळतं.

या नकाशात खानापूर कुणाचं, ते एका क्लिकवर ठरतं.
रंग बदलतो. कुणी बंद पुकारत नाही.
बाहेर मात्र माझ्या पाटीपुढं
मोजपट्टी घेऊन माणूस उभा राहिला होता,
साठ टक्के कन्नड भरतंय का बघायला.
टक्क्यांचं मला नवल नाही.

कल्लोजीमामा शटरखालून वाकून आत आला.
"काय करालास रे?"
"आरमार बुडालंय, मामा. त्यांना वीस टक्के जादा आहेत."
"कुणी दिलं?"
"खेळानंच. ते समुद्राकाठचे."

मामा स्टुलावर बसला.
गर्लगुंजीचा पोरगा. समुद्र पहिल्यांदा बघितला
तो नौदलात भरती झाल्यावर.
नऊ दिवस ओकला. दहाव्या दिवशी
दोनशे माणसांचा भात शिजवला,
पातेली साखळीनं बांधून,
एक पाय भिंतीला रेटून.
"ह्याचं किती धरल्यात?"

मी यादी वर-खाली केली.
तोफा, शिडं, कप्तान, शिस्त, बंदराची खोली.
भात नव्हता.

सव्वाअकराला शेवटचं गलबत गेलं.
गमावलेले खलाशी: दोन हजार एकशे चार.
मामानं आकडा मोठ्यानं वाचला.
"पवायला येत हुतं काय कुणाला?"

इराण्णाला ऐकू गेलं असावं.
हसणं थांबलं. मग म्हणाला,
"होगली बिड मारया, उद्या परत मांडू.
तू काठावरचा देश घे."

मी कॉम्प्युटर बंद केला.
मामा उठला, आणि उठता उठता, सवयीनं,
माझा चहाचा कप
टेबलाच्या कडेपासून
चार बोटं आत सरकवला.