फळ्याचा उजवा कोपरा

घंटा देणं, झाडणं, माठ भरणं,
नेमणुकीच्या कागदावर माझं एवढंच काम.
पण गोराईच्या जेटीला नऊची बोट लागते
आणि तिच्यातून बाई उतरत नाहीत
तेव्हा मी पदराला हात पुसते
आणि खडू उचलते.

फळ्याचे चार भाग. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी.
रेघा वाकड्या येतात, मुलं हसतात.
मी भाईंदरला चौथी पास,
पाचवीला वडिलांनी मिठागरावर नेलं.

बाई मतदारयाद्यांवर आहेत.
त्याआधी कसल्याशा सर्व्हेला होत्या.
दुसऱ्या बाईंची बदली झाली कुर्ल्याला,
त्यांची खुर्ची मी अजून रोज पुसते,
कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही.

पाढे येतात मला. सतराचासुद्धा,
मिठाच्या पोत्यांनी शिकवलेला.
पण तिसरीतली यामिनी वरठा विचारते,
भरतीचं पाणी ओहोटीला जातं कुठे?
रूपेश विचारतो, शून्याला शून्याने भागलं तर?
आणि चौथीचा दर्शिक, खिडकीतून बोट दाखवत,
खाडीपलीकडे दिसते ती मुंबई,
मग आपण कुठले?

मला न येणारं सगळं
मी उजव्या कोपऱ्यात लिहून ठेवते.
वर मथळा: बाईंना विचारणे.
खाली दोन रेघा. पुसू नये.

जूनमध्ये कोपरा वीतभर होता.
दिवाळीनंतर चौथीची जागाच गेली,
त्यांना मी फरशीवर लिहून देते.

मध्ये साहेब येऊन गेले. पट मोजला, एकोणीस.
म्हणाले, एवढ्याला दुसरा शिक्षक बसत नाही.
बसत नाही. जशी चप्पल बसत नाही.
चहा घेतला, फळ्याकडे बघून म्हणाले,
स्वच्छता ठेवा जरा.

काल बोटीतून एक पोरगेलेसे सर उतरले,
पँट घोट्यापर्यंत भिजलेली.
कंत्राटी, म्हणाले. सहा महिने.
वर्गात शिरले आणि आधी डस्टर घेतलं.
एकोणीस जण एकदम उभे.
नमस्ते नाही, काही नाही.
यामिनी गेली आणि फळ्याला पाठ लावून उभी राहिली,
फ्रॉकवर अक्षरं उलटी उमटली.

सरांनी डस्टर ठेवलं.
बराच वेळ वाचत राहिले, ओठ हलवत.
मग माझ्याजवळ येऊन, हळूच,
"मावशी, ते शून्याचं...
तुम्हाला येतं का?"

मी घंटा द्यायला निघाले.
साडेदहा कधीच वाजून गेले होते.