आधीची वेलांटी

चोपड्याला बसस्टँडमागे, पंक्चरवाल्याशेजारी माझं दुकान.
लग्नपत्रिका, सातबाऱ्याची झेरॉक्स, दहाव्याची कार्डं.
झुलाल मास्तरांचा मुलगा बुटाच्या खोक्यात
अकरा फ्लॉप्या घेऊन आला. म्हणाला, निमाताई,
आप्पांनी हे तुमच्याकडेच टाइप केलं होतं ना?

केलं होतं. अठ्ठ्याण्णव ते दोन हजार तीन,
दर रविवारी, लाईट असली तर.
मास्तर केळीच्या पट्टीच्या कोऱ्या बाजूला शब्द लिहून आणायचे:
आंडोर. आंडेर. बठ्ठं. अठे. तठे.
मी टाइप करायची. ते शेजारी शेंगा सोलत
एकेक शब्द मोठ्यानं म्हणायचे,
जशी काही मी बहिरी.

फ्लॉपी वाचणारं यंत्र भुसावळहून मागवलं.
फाईल उघडली.
टोपीवाला ए, शेपटीचा सी, पौंडाची खूण,
उलटं प्रश्नचिन्ह, परत टोपीवाला ए.
मुलगा म्हणाला, व्हायरस.
मी म्हटलं, नाही रे, हे तुझे वडीलच आहेत.

तेव्हा मराठी अक्षरं कंपनीची होती.
कॉम्प्युटरच्या पाठीला हिरवं कुलूप लावायचं, काडेपेटीएवढं,
मगच क चा क दिसायचा.
साडेसात हजार, दोन हप्त्यांत.
रात्री रुमालात बांधून मी ते घरी न्यायची.
समोरच्या प्रेसला दुसऱ्या कंपनीचं कुलूप.
त्यांचा क म्हणजे माझा ळ.
एका गल्लीत राहून आमच्या फाईली
एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत.
पुढे कंपनी कोणी घेतली, का बुडाली.
फोन लावला तर बाई सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

बाहेर लोटन ठिबकच्या नळ्या टेम्पोत टाकत होता.
सोळा एमएम. नळी एकाची, जोड दुसऱ्याचा,
टोपण सावद्याच्या भंगारातलं.
तरी बसतं, आणि पाणी विचारत नाही
तू कोणाची.
मी बराच वेळ बघत राहिले. गिऱ्हाईक ओरडलं.

मग वहीत तक्ता मांडला,
कोणत्या खुणेखाली कोणतं अक्षर पुरलंय त्याचा.
कंपनीनं तो कधी कोणाला दाखवला नव्हता.
बोटांना पाठ होता.
डोळे मिटून मी नुसत्या टेबलावर टाइप करायची,
भाची तेजल लिहून घ्यायची.
एका जागी ती अडली.
जुन्यात ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर मागून,
डोळ्याला दिसते तशी.
नव्यात अक्षर आधी, वेलांटी नंतर,
तोंडातून निघते तशी.
म्हणजे इतकी वर्षं मी दिसणं टाइप करत होते
आणि मास्तर शेजारी बसून
ओरडून ओरडून दुसरंच काही सांगत होते.

तीन आठवडे लागले. सहा हजार चारशे शब्द.
फाईल मुलाच्या फोनवर उघडली, मग त्याच्या बायकोच्या,
मग पंक्चरवाल्या इद्रिसभाईंच्या, तडकलेल्या काचेखाली.
कोणाकडे कुलूप नव्हतं.
इद्रिसभाई मोठ्यानं वाचायला लागले
आणि दोन जागी मास्तरांची चूक काढली.
मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला.
मी दोन्ही लिहून घेतल्या.

एक खूण राहिली.
पावणेदोनशे जागी नुसते चौकोन.
पापणीसारखा वाकलेला अर्धा र.
जुन्यात एका कळीत यायचा, नव्यात एका खुणेत मावेना.
तेजलनं रात्री शोधून काढलं:
र लिहायचा, त्याचा पाय मोडायचा,
मग एक न दिसणारी खूण टाकायची.
तिला आकार नाही, उच्चार नाही,
ती फक्त शेजारच्याला धरून ठेवते.

टाकली. पहिला चौकोन मिटला.
दर रविवारी दारातून आत येताना
मास्तर जे विचारायचे, ते त्यांनी
उदाहरण म्हणून घातलं होतं. टाइप मीच केलं असणार,
लक्ष नव्हतं.

काय करी र्‍हायनी, माय?