नमुना बाद

कपाट सात, खालचा कप्पा.
दार उघडण्याआधीच डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरतो.
मला काम एवढंच दिलंय :
चिठ्ठीवरचं वाचायचं, संगणकात भरायचं,
वाचता आलं नाही तर प्रश्नचिन्ह टाकायचं
आणि मत द्यायचं नाही.

पहिला कागद. फड्या निवडुंग.
चांदवडचा डोंगर, दक्षिण उतार, मुरमाड.
एप्रिल, एकोणीसशे एकेचाळीस.
संग्राहक : ना. ग. गायधनी, नाशिक.
'फुले पिवळी. दुपारनंतर नारिंगी झाली.'
म्हणजे हा माणूस दुपार उलटेपर्यंत तिथं बसून होता,
चांदवडच्या एप्रिलात,
फूल रंग बदलतं का ते बघत.
फूल आता चहाच्या डागासारखं आहे.
मी रकान्यात 'पिवळे' भरते.

दुसरा, दहा वर्षांनी, अनकाईच्या पायथ्याचा.
उभा चिरून, गर चमच्यानं कोरून काढलेला.
गायधनींनी आधी लिहिलंय 'पान',
मग ते खोडून 'खोड',
मग समासात बारीक अक्षरात, 'गावात फडा म्हणतात.'
सालीला पांढऱ्या दोऱ्याचे नऊ टाके.
टाके कुणी घातले, त्याला रकाना नाही.
पण कोपऱ्यात, शाई उडालेली :
'सोबत चहादू गांगुर्डे. याच्या हाताला कुसळे लागत नाहीत.'
मत द्यायचं नाही, तरी सांगते,
कुसळं सगळ्यांच्याच हाताला लागतात.
तो बोलला नसेल.

तिसऱ्यावर कापूस पिंजून टाकल्यासारखी कीड.
निवडुंग संपवायला मुद्दाम सोडली होती म्हणे.
चिरडली की किरमिजी.
कागदावर अंगठ्याएवढा डाग आहे,
आत्ता कुणी तरी उठून गेल्यासारखा लाल.
शेरा दोन शब्दांचा : 'रंग टिकतो.'

चौथा कागद कोरा.
चिठ्ठी आहे, झाड नाही.
'दोन महिने दाबणीत ठेवूनही मेले नाही.
टीपकागद रोज बदलले. वर जात्याची तळी ठेवली.
अंधारात, बाजूने फुटवा काढला,
पांढरा, करंगळीएवढा.
नमुना बाद. चहादूला फेकण्यास सांगितले.'
सही. जून अठ्ठावन्न.
सहीच्या खाली, वेगळ्या शाईत :
'फेकला का, ते विचारले नाही.'

जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन मागच्या दाराशी बसते.
पाण्याच्या टाकीपलीकडे मोडक्या बाकांचा ढीग आहे
आणि ढिगातून वर आलेला एक फड्या,
पुरुषभर उंच.
पोरं त्याच्याच काट्यानं त्याच्यावर नावं कोरतात.
नावं फड्याबरोबर मोठी होतात, पसरट होतात,
काही वर्षांनी कुणाचीच राहत नाहीत.
बोंडं पिकली की शिपायाच्या नातवाची जीभ
आठवडाभर जांभळी.
या झाडाचा नमुना कुठल्याच कपाटात नाही.
हे तेच आहे असं मी म्हणत नाही.
निवडुंग काय, कुठंही येतो,
कुणी फेकला तरी, कुणी हळूच ठेवला तरी.

संध्याकाळी चौथी नोंद उघडते.
जात, ठिकाण, तारीख, सगळं भरून होतं.
'नमुन्याची स्थिती' मात्र यादीतूनच निवडायची :
उत्तम, बरा, खराब, गहाळ.
मी बराच वेळ बाण वरखाली फिरवते.
तर्जनीत एक कुसळ आहे,
दुसऱ्या कागदाचं की टाकीपलीकडचं, सांगता येत नाही.
दिसत नाही. कळ दाबली की कळतं.

प्रश्नचिन्ह टाकते.
अक्षर तसं स्वच्छ आहे.