इतर शेरा

चिठ्ठीत निघालेला क्रमांक: एकतिसावा.
म्हणजे ना पदक, ना फुलं,
नुसती मी, गळ्यात ओळखपत्र, तिच्यामागे दोन पावलं.
ओटेपाच्या बर्फातून वीस किलोमीटर स्की मारून आलेली केर्टू,
आणि एरवी शाळेत पोरांचे फुटलेले गुडघे पुसणारी मी
आज तिच्या लघवीची साक्षीदार.

लघवी येत नाही.
हीटरला पाठ लावून ती तासभर पाणी पिते.
मी फॉर्म पुढे सरकवते:
गेल्या सात दिवसांत काय काय घेतलंत?

लोहाच्या गोळ्या, दिवसाआड. रोज घेतल्या की पोटात दगड बसतो.
ड जीवनसत्त्व.
नोव्हेंबरपासून ऊन नाही, तेही लिहू का?
नको, म्हणते मी, ते सगळ्या गावाला माहीत आहे.
बीटाचा रस, शर्यतीआधी अडीच तास.
क्रिएटिन. डब्याचा बॅच नंबर तिला तोंडपाठ,
डब्यावर चित्र मात्र कुणा बाप्याच्या दंडाचं.
बाईला लागू पडतं का गं हे?
ती खांदे उडवते.
"तपासलंय बहुतेक त्यांच्यावरच. मी अंदाजाने अर्धा चमचा घेते."

जेवणाला रकाना नाही.
न जेवल्यालाही नाही.
मला मनगटावरून कळतं,
तीस वर्षं मनगटंच तर धरली.

मग एकदाची म्हणते, चला.
बाह्या कोपरापर्यंत, सदरा छातीपर्यंत वर,
मी समोर, नजर हलवायची नाही.

कपात गुलाबी.
"बीट," ती घाईने म्हणते, "बीटाने होतं असं, विचारा कुणालाही."
मी कुणाला विचारणार.
ती खाली बघते.
मोकळ्या हाताच्या बोटांवर मोजू लागते,
बोटं पुरत नाहीत.
"चौदा महिने," म्हणते,
आणि हसू फुटतं तिला, विजार घोट्यांवर,
रडूही येतं,
पण हातात कप आहे, सांडून चालायचं नाही.

माझी थांबून सहा वर्षं झाली,
तरी शाळेतल्या मुलींसाठी पर्सच्या अस्तरात एक पॅड असतं,
कोपरे चुरगळलेलं.

दोन बाटल्या, अ आणि ब. दोन्हींना सील.
तळाशी 'इतर शेरा'.
मी लिहिते: नमुन्यात रक्त. कारण,
आणि माझं पेन अडतं.
केर्टू ते काढून घेते,
स्वतःच्या अक्षरात लिहिते: पाळी.
पुढे, कुणी मागितलेलं नसताना,
एक उद्गारचिन्ह.